ताटाखालचं ताट

संशय घेणं हा माझा स्वभावच आहे, त्याला इलाज नाही. दूधवाला समोर माप भरत असला तरी मी त्याच्या अंगठ्याकडे बघते. एस.टी.त शेजारची बाई फार गोड बोलायला लागली की पर्स मांडीवरून पोटाशी घेते. कॉलेजात मुलं मला मागून सीआयडी म्हणायची. मला ते ठाऊक होतं, कारण मी दाराआड उभी राहून ऐकलं होतं. आणि घरी, चोपड्याला, माझे वडील, म्हणजे आबा, म्हणायचे, "या पोरले देव भेटना तरी ती पहिले इचारी, कोन गावना शे?"

अशा माझ्या हातात त्या अमेरिकन बाईंचं पुस्तक पडलं, ही त्या बाईंच्या घरच्यांची वाईट वेळच म्हणायची.

मी तेव्हा धुळ्याला एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. वय तिशीला टेकलेलं आणि लग्न नाही, त्यामुळे लोकांनाही माझा संशय यायचा, म्हणजे हिशेब बरोबरीतच होता. विद्यापीठानं त्या वर्षी अमेरिकन कवितेचा पेपर लावला होता आणि तो कुणालाच नको म्हणून माझ्या गळ्यात आला. ग्रंथालयात भेट म्हणून आलेल्या पुस्तकांची खोकी पडून होती. त्यात हे एक बारकं, राखाडी रंगाचं पुस्तक सापडलं. कवयित्रीचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तरी कुणी ओळखणार नाही. मी विचारलं त्यातल्या एकालाही ती माहीत नव्हती.

पुस्तकाला प्रस्तावना होती आणि ती तिच्या भाचीनं लिहिलेली होती, म्हणजे भावाच्या मुलीनं. त्या प्रस्तावनेतून कळलं ते असं. बाई समुद्राकाठच्या एका लहान गावातली. लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर भावाच्या घरी राहिली, ती म्हातारी होईपर्यंत. घरातलं सगळं करायची, कोंबड्या बघायची, भावाची मुलं तिनंच वाढवली, आणि मधल्या वेळात कविता लिहायची. कविता कसल्या, तर मिठाच्या, माशांच्या, कोंबड्यांच्या, खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याच्या. आकाशबिकाश फारसं नाहीच. जिवंतपणी दोन बारकी पुस्तकं निघाली, ती गावातल्या लोकांनी वाचली आणि विसरली. भाची लिहिते की आत्याला आमच्या घरात कधी काही कमी पडलं नाही. आणि मग लिहिते की उतारवयात आत्या स्वतःच्या इच्छेनं लांबच्या एका नातेवाइकाच्या शेतावर राहायला गेली, समुद्रापासून पुष्कळ आत. तिथं ती मरेपर्यंत राहिली. तिथं तिनं एकही ओळ लिहिली नाही.

मी हे स्टाफरूममध्ये वाचत होते. "स्वतःच्या इच्छेनं" या शब्दांपाशी आले आणि माझा चहा तसाच राहिला.

का हो? जिची प्रत्येक कविता पाण्यापाशी सुरू होते, ती म्हातारपणी पाणी सोडून मक्याच्या शेतात स्वतःच्या इच्छेनं जाईल? जन्मभर लिहिणारी बाई तिथं गेल्यावर लिहायचंच बंद करते, आणि याला इच्छा म्हणायचं? आणि कधी काही कमी पडलं नाही, हे सांगायची गरज कुणाला पडते? ज्याच्या घरात खरंच कमी नसतं तो असं लिहून ठेवत नाही. इथं पाणी मुरत होतं. त्या भाचीचा मला असा राग आला की मी पेन्सिलनं समासात "खोटं" असं लिहिलं. ग्रंथालयाचं पुस्तक होतं, तरी लिहिलं.

मग मी कविता पुन्हा वाचल्या, पुरावा शोधायला. वर्गात शिकवायला एक निवडली होती, ती जेवणाच्या टेबलाची. बाई संध्याकाळी ताटं मांडतेय. भावाचं ताट, भावजयीचं ताट, मुलांची ताटं. सगळी मांडून झाल्यावर ती आणखी एक ताट घेते आणि ते भावाच्या ताटाखाली सारून ठेवते. वरून एकच दिसतं. सगळे येतात, जेवतात, भाऊ म्हणतो की आज टेबल जरा उंच वाटतंय. संपली कविता.

बाजारात मिळणाऱ्या गाइडमध्ये असल्या कवितेचा अर्थ कुठला मिळायला! आमच्या विभागप्रमुखांना विचारलं. ते म्हणाले, "खालचं ताट म्हणजे ईश्वर. न दिसणारा, पण सगळ्यांना उचलून धरणारा." मला ते पटलं नाही, पण मुलांना परीक्षेत काहीतरी लिहायला हवं होतं, म्हणून मी फळ्यावर ईश्वर लिहिलं. मागच्या बाकावरून एक पोरगी म्हणाली, "मॅडम, पण ईश्वर खाली कशाला बसेल?" मी तिला खाली बस म्हटलं.

सुट्टीत चोपड्याला गेले की मी हे सगळं फुईला सांगायची. फुई म्हणजे आबांची थोरली बहीण, आमच्याकडे आत्याला फुईच म्हणतात. मागच्या खोलीत तिची खाट आणि एक पत्र्याची पेटी. सकाळपासून घरातलं निम्मं काम तिच्या हाताखालून जायचं. तिचं लग्न पहूरकडे झालं होतं. नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला बापाकडे आणून सोडलं, त्याला माझ्या वयापेक्षा जास्त वर्षं झाली होती. घरात तो विषय कुणी काढत नसे. माय आणि आबा दोघंही तिला अक्का म्हणत.

फुईला वाचता येत नव्हतं, पण बाईची गोष्ट तिला फार आवडायची. "तुनी अमेरिकावाली काय म्हनस?" असं ती मी चपला काढायच्या आत विचारायची. तिचे प्रश्न माझ्या विभागप्रमुखांना कधी पडले नाहीत.

"ती कोनाकडे राहे?"

"भावाकडे."

"भावजाई कशी व्हती?"

"पुस्तकात लिहिलं नाही, फुई."

"घ्या! कोंबड्या लिखेल शेतीस, भावजाई नही लिखेल?"

मी तिला त्या ताटाची कविता सांगितली. फुई लसूण सोलत होती, तिचा हात थांबला. मग तिनं हळूच विचारलं, "कोनले समजनं का?"

"काय?"

"ते खालनं ताट. कोनले समजनं का?"

"नाही. कुणालाच नाही."

"मंग बरं शे," असं म्हणून ती पुन्हा लसूण सोलायला लागली. आणि गालातल्या गालात हसली. आता ज्या माणसाला हसण्याचं कारण कळत नाही, त्यानं काय करावं? मी संशय घेतला. फुई काहीतरी लपवतेय असं माझ्या मनानं घेतलं. आणि मला एक जुनी गोष्ट आठवली.

ती सांगण्याआधी कानबाईचं सांगायला हवं. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. नारळाला साडी नेसवायची, नथ घालायची, रात्रभर गाणी, आणि सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन नदीवर. पण खरा मान रोटांचा. घरातल्या एकेका माणसाच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे, नाव मोठ्यानं घ्यायचं, आणि ते गहू धुतलेल्या चक्कीवर दळून त्याच पिठाचे जाड रोट करायचे. ज्याची मूठ त्यात आहे तो त्या घरचा. ते रोट घरच्यांनीच खायचे, परक्याला तुकडासुद्धा नाही. एकदा सुपात पडलेला दाणा काढायचा नाही. लग्न झालेल्या मुलीची मूठ नवऱ्याच्या घरी जाते. माझं लग्न नव्हतं, म्हणून माझी मूठ अजून आबांच्या सुपात होती.

आणि फुईची? तिला नवऱ्यानं सोडलं होतं, पण नवरा जिवंत होता. म्हणजे तिची मूठ पहूरला, त्या माणसाच्या कुळात. त्यात गंमत अशी की नवरा जिवंत म्हणून ती सवाष्ण, आणि सवाष्ण म्हणून सुपात गहू टाकायचं काम दरसाल तिच्याचकडे. ती आबांचं नाव घ्यायची, मायचं, माझ्या धाकट्या भावाचं, माझं. गहू टाकायची, रोट थापायची, भाजायची, सगळ्यांना वाढायची. आणि स्वतः साधी पोळी घेऊन चुलीपाशी बसायची. लहानपणापासून मी हे इतकं पाहिलं होतं की त्यात काही खटकायचंच थांबलं होतं.

तर जुनी गोष्ट अशी, की एका वर्षी मी दारात उभी राहून बघत होते. फुईनं शेवटचं नाव घेतलं, ते माझंच. मूठ टाकली. मग इकडे तिकडे बघितलं, आणि तिचा हात पुन्हा पोत्यात गेला. पदर मधे आला, त्यामुळे पुढचं मला दिसलं नाही. फक्त तिचे ओठ हलताना दिसले. मी मनाशी म्हटलं, फुई गहू काढतेय. कशाला? कुणाला द्यायला? मी कुणाला सांगितलं नाही, पण त्यानंतर दरसाल ती पोत्यापाशी बसली की माझी नजर तिच्या पदरावर असायची.

त्या साली श्रावणात मी धुळ्याहून चोपड्याला आले, तर फुईची पेटी ओसरीत होती.

घरात शिरताना सामान जागेवर नसलं की मी आधी त्याचं कारण शोधते. मागच्या खोलीत गेले. भिंतींना नवा रंग, आकाशी. फुईची खाट मधोमध तशीच, पण भिंतीवरचा तिचा खुंटी-आरसा काढलेला. माझ्या भावाचं लग्न ठरलं होतं, तो जळगावला नोकरीला होता, तुळशीच्या लग्नानंतर बार उडायचा होता. सणासुदीला नवीन जोडपं येईल, त्याला खोली हवी. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, रंगच सांगत होता.

"फुई कुठं झोपणार?" मी मायला विचारलं.

माय भाजी चिरत होती. तिनं वर बघितलं नाही. "त्या जाणार आहेत," ती म्हणाली. "पहूरला."

मला आधी कळलंच नाही. मग मायनं थोडं थोडं करून सांगितलं. फुईच्या नवऱ्याला लकवा झाला होता. दुसरी बायको वारली होती. त्याचा पुतण्या येऊन गेला होता, म्हणाला की काकांची इच्छा आहे, शेवटी काकूंच्या हातचं पाणी मिळावं. कानबाईची मिरवणूक झाली की सोमवारीच जीप आणतो म्हणाला.

"शेवटी नवऱ्याचंच घर खरं गं," माय म्हणाली, आणि तिचा आवाज मला तिचा वाटला नाही.

माझं डोकं फिरलं. सरळ सांगते, मला आई-बापाचा संशय आला. जन्मभर मी दूधवाल्याचा, कंडक्टरचा, अमेरिकेतल्या भाचीचा संशय घेतला होता, पण हा वेगळा होता, याला चव नव्हती. मी शेतावरून आलेल्या आबांसमोर जाऊन उभी राहिले. ते पाय धूत होते.

"आबा, फुईला पाठवताय?"

"पाठवत नही. तिनीच इच्छा शे."

तेच शब्द. समुद्राकाठच्या त्या परक्या गावातून, राखाडी पुस्तकातून, ते शब्द आमच्या मोरीपाशी येऊन उभे राहिले होते.

"ती म्हणाली असं?"

"बठ्ठासमोर इचारं मी. पुतन्या व्हता, चार मानसं व्हतीस. म्हननी, तुम्ही म्हनशात तसं."

"आबा, 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणजे हो?"

"मंग नही बी म्हननी नही ना," आबा म्हणाले, आणि टॉवेलानं पाय पुसत बसले. पाय कोरडे झाले तरी पुसत राहिले. आबा वाईट माणूस नाहीत. या बहिणीला त्यांनी जन्मभर शब्दानं दुखवलं नव्हतं. पण त्यांना तिच्या तोंडून जे ऐकायचं होतं ते त्यांनी ऐकलं होतं, आणि पुढं विचारायला ते भीत होते, हे मला दिसत होतं.

मी फुईकडे गेले. ती मागच्या खोलीत, त्या आकाशी भिंतींमध्ये, खाटेवर डाळ निवडत बसली होती.

"फुई, तुला जायचंय?"

"माले काय, जठे भाकर तठे मी."

"हे उत्तर नाही झालं."

"तू मास्तरीन शे, तुले उत्तर लागस." ती हसली, पण नेहमीसारखी नाही. मग तिनं विचारलं, "तुनी अमेरिकावाली गयी ना तिकडे, शेतवर? मंग काय झायं?"

"मेली तिथंच. एक ओळ लिहिली नाही त्यानंतर."

"तठे पानी नव्हतं ना," फुई म्हणाली. बराच वेळ ती ताटलीतला एकच खडा बोटानं इकडून तिकडे करत होती.

माझा बांध फुटला. मी म्हटलं, मी आत्ता जाऊन आबांना सांगते, भांडते, तुला धुळ्याला माझ्या खोलीवर नेते. फुईनं माझं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात इतकी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

"तू बोलू नको. तू बोलनी का बठ्ठा म्हनतीन, मीच तुले शिकाडं." आणि मग, "तुनी खोलीवर मी कोन? पाव्हनी. माले पाव्हनी नही व्हनं."

मी तिच्या ताटलीतली डाळ निवडायला लागले. कधी नव्हे ते गप्प राहिले, आणि ते मला फार जड गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गहू घ्यायचे होते. चक्कीवाल्यानं चक्की धुऊन ठेवली होती आणि गल्लीतल्या बायकांची तिथं लगबग सुरू झाली होती. आमच्या ओसरीत शेणानं सारवून सूप मांडलं, दिवा लावला, पोत्याचं तोंड सोडलं. फुई न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून पोत्यापाशी बसली. आबा खांबाला टेकून उभे होते. माय दारात. आणि त्याच वेळी पहूरचा पुतण्या आला. जीपची वेळ सांगायला आला होता. पांढरी पँट, खिशाला पेन, तोंडात सुपारी. बोलणं एकदम शहरी आणि आदबीचं. "काकू, सोमवारी सकाळी तयार राहा हं," म्हणाला आणि आबांच्या शेजारी जाऊन बसला. इतका गोड बोलणारा माणूस मी सहसा दोनदा तपासते.

फुईनं सुपाला हळदकुंकू वाहिलं. आबांचं नाव घेऊन मूठ टाकली, वर पाव मूठ. मायचं नाव. भावाचं नाव. माझं नाव. माझी नजर सवयीनं तिच्या पदरावर गेली. हात पुन्हा पोत्यात गेला, तसाच, दरसालसारखा. पण या वेळी तिनं पदर मधे घेतला नाही. मूठ भरून वर काढली, सगळ्यांना दिसेल अशी सुपावर धरली, आणि मोठ्यानं एक नाव घेतलं.

स्वतःचं. त्या घरात ते नाव कुणी घेत नसे. अक्का, फुई, काकू, याखाली ते कधीचं गेलं होतं. मी ते बहुधा पहिल्यांदाच ऐकत होते. फुईनं मूठ सोडली, वर पाव मूठ टाकली, आणि हातानं सूप हलवलं.

"अक्का, हे काय केलंत!" मायचा हात तोंडाशी गेला.

पुतण्या उठून उभा राहिला. "काकू, तुमची मूठ आमच्याकडे. असं चालत नाही."

आता मात्र मला कुणी थांबवू शकलं नसतं. मी विचारलं, "तुमच्याकडे? इतकी वर्षं तुमच्या सुपात काकूंची मूठ पडत होती?"

तो आबांकडे बघायला लागला.

"नाही, तुम्ही सांगा ना. कानबाई तुमच्याकडेही बसते. काकूंचं नाव कोण घ्यायचं? कोणत्या साली घेतलं?"

"आता... तेव्हा त्या तिथं नव्हत्या, म्हणून..."

"म्हणजे तिथंही नाही आणि इथंही नाही. मग ती होती कुठं?"

त्यानं सुपाकडे बोट केलं. "काढून घ्या हो तेवढे. अजून दळलेले नाहीत."

फुई शांत होती. तिनं सूप दोन्ही हातांनी त्याच्याकडे सरकवलं. "मिसळी गयात," ती म्हणाली. "आते तूच निवडी ले."

तो सुपाला हात लावेल काय! कानबाईच्या गव्हाला परक्यानं हात लावायचा नसतो, हे त्यालाही माहीत होतं. आम्ही सगळे त्या सुपाकडे बघत राहिलो. गव्हात गहू, कोणता कुणाचा हे ओळखायला जागा नव्हती. मी आबांकडे बघितलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता, मला वाटलं आता ओरडतील. पण त्यांचे डोळे भरलेले होते. ते खांबापासून निघाले, वाकले, आणि सूप स्वतःच्या हातानं उचलून पिशवीत ओतलं. एक दाणा खाली पडला होता, तोही उचलून टाकला.

"दळन लवकर लई जा," ते मला म्हणाले, "चक्कीवर गर्दी व्हई." मग पुतण्याला म्हणाले, "तुम्ही चहा ल्या. आनि जीप सांगू नका."

पुतण्यानं चहा घेतला नाही. दुपारच्या गाडीनं तो गेला. माय संध्याकाळपर्यंत माझ्याशी आणि फुईशी बोलली नाही, पण फुईची पेटी तिनंच ओढत आत नेली. आरसा मात्र परत लावला नाही. तो मी लावला.

रविवारी रात्री गाणी झाली, सोमवारी नदीवरून परत आलो आणि जेवायला बसलो. दुधात कुस्करलेले रोट, गंगाफळाची भाजी, खीर. फुई सवयीनं चुलीकडे निघाली होती, आबांनी आपल्या शेजारचा पाट दाखवला. ती बसली. माझा पाट तिच्या शेजारी. मनात आठवड्याचा प्रश्न साचलेला होता, तो मी हळूच विचारला.

"फुई, एवढं धाडस एकदम कुठून आलं? आधी कधी का नाही टाकलीस मूठ?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग माझ्या कानाशी वाकली.

"नाव आज लिधं वं. मूठ तं मी दरसाल टाकस."

माझा घास हातातच राहिला. पोत्यात पुन्हा गेलेला तो हात. मधे आलेला पदर. हलणारे ओठ. मी इतकी वर्षं समजत होते की ती काढतेय. मी जिथं दरसाल डोळ्यांत तेल घालून बघत होते, तिथं ती माझ्या डोळ्यांदेखत टाकत होती. आणि आबा, माय, भाऊ, मी, आम्ही दरसाल तिची मूठ खात होतो, आणि ती चुलीपाशी साधी पोळी खात होती.

मला रडू आलं, ते मी भाजी तिखट आहे असं म्हणून झाकलं. धुळ्याला परत गेल्यावर वर्गात ईश्वर खोडायचा, हे मी तिथंच ठरवलं. मागच्या बाकावरच्या त्या पोरीला उभं करून सांगायचं होतं, खाली कोण बसतं ते.

फुईनं रोटाचा तुकडा मोडला आणि हातात धरून बघितला. तिला खायची घाई नव्हती.

"काय वं," ती म्हणाली, "तुनी अमेरिकावालीले त्या खालना ताटम्हा कधी जेवाले भेटनं का?"

मी आठवून पाहिलं. सगळ्या कविता, सगळी प्रस्तावना. "माहीत नाही फुई," मी म्हटलं. "ते सगळं तिच्या भाचीनं लिहिलंय. त्यात ते नाही."

फुईनं तुकडा तोंडात टाकला, आणि भरल्या तोंडानं माझ्याकडे बघून हसली.

"भाचीस्ले काय माहीत राहस!"